मारामारीशिवाय स्कायरिम: अभ्यासकाचं पात्र शेवटपर्यंत कसं टिकवायचं

‘मी तलवार उचलणार नाही, फक्त पुस्तकं वाचणार आणि फिरणार’ असं ठरवून स्कायरिम हा ड्रॅगन-जादूच्या जगातला व्हिडिओ गेम सुरू करणाऱ्यांची पात्रं बहुधा एकाच पद्धतीने संपतात. खेळ जिथे सुरू होतो त्या हेल्गनमधून सुटायचं, व्हाइटरन शहराच्या यार्लला, म्हणजे सरदाराला, ड्रॅगनची खबर द्यायची, त्याच्या जादूगारासाठी थडग्यातून शिळा आणून द्यायची, आणि मग आभाळातून ड्रॅगन उतरू लागले की वैतागून पडलेली कुऱ्हाड उचलायची. फोंडा, म्हापसा, डिचोली, आमच्या ओळखीतले बहुतेक नवे खेळाडू याच वाटेने गेले. शस्त्र त्यांनी टाकलं होतं, पण कामांचा क्रम योद्ध्याचाच ठेवला होता.

या लेखात भर आहे तो क्रमावर. काय आधी, काय नंतर आणि काय मुळीच नाही. सगळं काही स्कायरिमच्या २०१६ साली आलेल्या स्पेशल एडिशनला धरून लिहिलं आहे; एकही मॉड, म्हणजे बाहेरून जोडायचा बदल, लागत नाही.

## तयारी: खेळ उघडण्याआधी

मशीन आणि सेव्ह. किमान ८ जीबी रॅम आणि १२ जीबी मोकळी जागा लागते, तेवढी असली की जुनाट लॅपटॉपवरही काम भागतं. आपल्याकडची खरी अडचण वेगळी. जून उजाडला की लाईट कधी जाईल सांगता येत नाही, आणि डेस्कटॉपला इन्व्हर्टर नसेल तर अख्ख्या संध्याकाळची भटकंती पाण्यात. सेटिंग्जमध्ये झोपताना, थांबताना आणि प्रवास करताना आपोआप सेव्ह होण्याचे पर्याय असतात. तिन्ही चालू करा. त्याशिवाय प्रत्येक गावात शिरताना एफ५ दाबायची सवय लावा. पण क्विकसेव्ह जुन्या क्विकसेव्हवरच लिहिला जातो, म्हणून रोज खेळ थांबवताना मेनूतून एक वेगळा सेव्ह करून ठेवा.

सर्व्हायव्हल मोड बंद. अभ्यासकाच्या खडतर आयुष्यासाठी तो चालू करावासा वाटतो. करू नका. भूक आणि थंडी सांभाळताना नकाशावरचा झटपट प्रवासही बंद होतो, आणि आपलं मुख्य ठाणं विंटरहोल्ड, म्हणजे बर्फाचं माहेरघर. पहिला डाव नीट पार पडला तर दुसऱ्या डावात बघा.

एक प्रश्न. तयारीतली ही पायरी लोक हमखास गाळतात आणि तिथेच डाव फसतो. ‘माझं पात्र विद्वान आहे’ एवढ्यावर काही चालत नाही. विद्वान कशाचा? काय शोधतोय? प्रश्न नसला की तुम्ही दिसेल ते पुस्तक उघडता, चार ओळी वाचता, बंद करता, आणि थोड्याच दिवसांत पुस्तकं म्हणजे विकायचा माल होऊन बसतो.

प्रश्न लहान आणि मोजता येण्याजोगा हवा. गोव्यात कोसबें इथे १९०७ मध्ये जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी जुन्या चांदीच्या आहत नाण्यांची वजनं करत बसत. चलनात फिरून नाणं किती झिजतं ते मोजायचं आणि त्यावरून इतिहासाचा अंदाज बांधायचा, असा तो उद्योग. प्रश्न या जातीचा असावा. (स्कायरिममधल्या सोन्याच्या नाण्याला वजनच नाही, तेव्हा हा नेमका विषय बाद.)

चालणारे प्रश्न असे:

- ड्वेमर ही खेळातली प्राचीन जमात नाहीशी कशी झाली, याबद्दल निरनिराळी पुस्तकं आणि माणसं काय काय सांगतात आणि त्यांचं कुठे जुळत नाही?
- खेळातल्या तेरा उभ्या शिळा कुठल्या जागी आहेत, जवळ काय आहे, आसपासच्या लोकांना त्यांची माहिती आहे का?
- कुठली औषधी वनस्पती पाण्याकाठी, कुठली बर्फात, कुठली फक्त गुहेत मिळते?
- यादवी युद्धाबद्दल प्रत्येक गावातल्या खाणावळीचा मालक काय बोलतो?

न चालणारे प्रश्न: ‘जादू म्हणजे काय?’, ‘देव आहेत का?’ यांची उत्तरं शोधायला घराबाहेर पडावं लागत नाही.

तीन याद्या. कागदावर तीन रकाने पाडा: कधीच नाही, नाइलाजाने, बिनधास्त. ‘कुणाला मारायचं नाही’ हे सोपं कलम आहे, ते पहिल्या रकान्यात जाईल. कस खालच्या प्रश्नांवर लागतो. सोबत्याने मारलं तर चालेल का? मेलेल्या डाकूच्या खिशातली वही घ्यायची का? पुस्तक चोरायचं का? घाबरवून पळवून लावणं म्हणजे हिंसा का? याचं एकच बरोबर उत्तर नाही, पण उत्तर आधी ठरलेलं हवं. गुहेच्या तोंडाशी अस्वल धावून येत असताना नियम ठरवायला बसलात तर सोयीचेच नियम निघतील.

वही. खेळात स्वतःच्या नोंदी लिहायची सोय नाही, म्हणून खरी वही घ्या. नोंदीचे चार भाग पुरे: कुठे मिळालं, कुणी सांगितलं, काय सांगितलं, आणि मला काय पटलं नाही. शेवटचा भाग कोरा ठेवू नका. १५६३ मध्ये गोव्यात छापलेलं गार्सिया द ओर्ताचं औषधी वनस्पतींवरचं पुस्तक संवादाच्या रूपात आहे. ओर्ता सांगतो आणि रुआनो नावाचा दुसरा वैद्य शंका काढत राहतो. तुमच्या वहीतही असा एक शंका काढणारा असू द्या, नोंदी आपोआप खुसखुशीत होतात.

नोंदी मराठीत करा. खेळातली पुस्तकं इंग्रजीत आहेत, जरा जुन्या वळणाचीही आहेत, आणि मराठी माध्यमातून आलेल्यांना ती पटापट वाचवत नाहीत. त्यात लाजण्यासारखं काही नाही. एका बैठकीत एकच पुस्तक वाचायचं आणि त्याचा सारांश स्वतःच्या शब्दांत पाच-सहा ओळींत लिहायचा. नुसतं उतरवून काढलेलं कामाला येत नाही.

> तपासा: प्रश्न एका वाक्यात लिहिला आहे का? तीन रकाने भरले आहेत का? नसतील तर अजून ‘नवा खेळ’वर बोट नेऊ नका.

## टप्पा १: पात्र घडवणं

वंश निवडताना बहुतेक जण डोळे मिटून हाय एल्फ घेतात, कारण त्याला ५० मॅजिका, म्हणजे मंत्रांना लागणारी शक्ती, जास्त मिळते. वाईट निवड नाही. पण ज्याला लढायचंच नाही त्याच्यासाठी माझं मत इम्पिरियलला. त्याच्याकडे ‘सम्राटाचा आवाज’ ही शक्ती असते: दिवसातून एकदा, आसपासची माणसं ६० सेकंद शांत होतात. अगदी पहिल्या लेव्हलला, एकही मंत्र न शिकता. डाकूंच्या टोळीतून निसटायला साठ सेकंद भरपूर झाले. जनावरांवर मात्र तिचा काही उपयोग नाही, हे ध्यानात असू द्या.

ब्रेटनला जादूपासून २५ टक्के संरक्षण असतं. तो दुसऱ्या क्रमांकावर. बाकीचे वंश हौसेने घ्या.

पात्राचं नाव, वय आणि तो कुठून आला हे वहीच्या पहिल्या पानावर दोन ओळींत लिहा. यापेक्षा जास्त पूर्वायुष्य लिहू नका. दहा पानी जन्मकथा लिहिणाऱ्यांचा उत्साह हेल्गनमध्येच संपलेला मी पाहिला आहे.

## टप्पा २: हेल्गन

इथे तुम्हाला कुणाला मारावं लागत नाही, हेच अनेकांना माहीत नसतं. किल्ल्यात हॅडवर किंवा रालोफ यांपैकी जो तुमच्याबरोबर असतो तो या भागात मरत नाही. त्याला पुढे जाऊ द्या, मागे उभे राहा, तो सगळं उरकतो. कोळ्यांच्या गुहेतही तसंच. शेवटी अस्वल झोपलेलं असतं; बसून, भिंतीच्या कडेने सरकत बाहेर पडता येतं.

लोक चूक करतात ती इथे की वाटेतल्या मेलेल्यांची चिलखतं आणि तलवारी गोळा करत सुटतात. विकून पैसे मिळतील म्हणून घेतलेली तलवार पुढच्या संकटात हातात येतेच.

बाहेर पडल्यावर वेगळा सेव्ह करा आणि त्याला हात लावू नका. पुढे कधी नव्याने सुरुवात करायची झाली तर इथून करता येईल.

रिव्हरवूडच्या वाटेवर तीन रक्षक शिळा लागतात. त्यांतल्या मेज, म्हणजे जादूगाराच्या, शिळेला हात लावा. जादूची कौशल्यं २० टक्के वेगाने वाढतात.

## टप्पा ३: रिव्हरवूड, आणि व्हाइटरनमध्ये न करायची गोष्ट

रिव्हरवूडला पोचलात की तुम्हाला सांगण्यात येईल, व्हाइटरनला जा आणि यार्लला ड्रॅगनबद्दल सांगा. हो म्हणा आणि विसरून जा.

खेळाचं गणित असं आहे: यार्ल बालग्रुफला खबर दिली की तो तुम्हाला त्याच्या दरबारी जादूगाराकडे, फॅरेंगारकडे पाठवतो. फॅरेंगारला ब्लीक फॉल्स बॅरोमधली ड्रॅगनशिळा हवी असते. ती दिली की टेहळणी बुरुजावर ड्रॅगन येतो, आणि ती लढाई झाली की मग देशभर कुठेही, कधीही ड्रॅगन उतरू शकतात. ही साखळी पुरी होईपर्यंत हेल्गननंतर ड्रॅगन दिसत नाहीत. म्हणजे साखळीला हातच लावला नाही, तर निवांत फिरायला अख्खा देश मोकळा.

> सावधान: फॅरेंगार मंत्रांची पुस्तकंही विकतो, त्यामुळे त्याच्याकडे जाणं होईल. त्याच्याकडून खरेदी करा, गप्पा मारा, पण शिळा आणून देऊ नका. ‘वाचायला मिळेल’ म्हणून ती शिळा उचलणारे अभ्यासक सगळ्यात लवकर संपतात.

या निवडीची किंमत आहे. व्हाइटरनमधलं घर विकत घेता येत नाही, कारण त्याची परवानगी याच साखळीतून मिळते. आपल्याला चालेल, विंटरहोल्डच्या जादूच्या महाविद्यालयात खोली फुकट मिळते.

पैसे. अभ्यासकाला सुरुवातीला पैसे लागतात आणि ते प्रेतांच्या खिशातून न काढता मिळवता येतात. रिव्हरवूडला लाकूड फोडा. होड एका मोळीला ५ नाणी देतो. व्हाइटरनच्या वेशीबाहेर पेलाजिया शेतावर गहू, कोबी, बटाटे काढून तिथल्याच मालकाला विका. याचा कंटाळा आला की वाटेतली निळी डोंगरफुलं आणि गहू एकत्र करून जखम भरणारं औषध बनवा आणि ते विका. चांगला भाव येतो. मात्र अल्केमीचा हात आवरता ठेवायचा असतो. कारण टप्पा ६ मध्ये.

पहिला अभ्यास. रिव्हरवूडमध्येच एक मजेशीर काम आहे. स्वेन आणि फेंडाल दोघेही कॅमिलावर लट्टू आहेत. स्वेन तुमच्या हातात एक खोटं पत्र देतो, फेंडालने लिहिलं असं भासवून ते कॅमिलाला द्यायला. ते न देता बनाव तिच्यासमोर उघड करा आणि मग फेंडालला जाऊन सांगा. बनावट कागद ओळखून उघडा पाडणं, अभ्यासकाला याहून शोभणारी पहिली कामगिरी कुठली? आणि फेंडाल फुकटात सोबती म्हणून यायला तयार होतो.

## टप्पा ४: सोबती

एकट्याने हा डाव खेळता येतो, पण पहिल्याच वेळी नको. फेंडाल धनुर्धारी आहे, लांबून मारतो, तेव्हा तुमच्या पायांत येत नाही. अंगापिंडाने भक्कम माणूस हवा असेल तर विंडहेल्मच्या खाणावळीत स्टेनवार ५०० नाण्यांना मिळतो. व्हाइटरनमध्ये तेवढ्याच पैशांत जेनासा.

सोबत्याबाबत दोन चुका नेहमीच्या. पहिली, त्याला हमालासारखं वापरणं. पुस्तकं वजनाने हलकी, बहुतेक एकेका वजनाची, आणि सुरुवातीला तुम्ही ३०० वजन उचलू शकता. तुमची पुस्तकं तुम्हीच वाहा. दुसरी चूक महागात पडते: शांत करणारा मंत्र तुम्ही शत्रूवर टाकता आणि त्याच क्षणी सोबत्याचा बाण त्याला लागतो. मार बसला की शांती संपली. म्हणून बोलणी करायची किंवा चोरपावलांनी सरकायचं तेव्हा सोबत्याला मागे ‘थांब’ सांगून ठेवा.

> तपासा: सोबत्याने मारलेलं तुमच्या कुठल्या रकान्यात बसतं? ‘कधीच नाही’मध्ये बसत असेल तर सोबती घेऊच नका, आणि टप्पा ७ मधल्या जमिनीखालच्या मोहिमा वगळा.

## टप्पा ५: विंटरहोल्ड

व्हाइटरनच्या तबेल्याजवळून गाडी करा. पायी जायचा मोह होईल, वाट सुंदर आहे, पण बर्फातली अस्वलं आणि लांडगे सुंदर नाहीत.

महाविद्यालयाच्या पुलावर फॅराल्डा अडवते आणि एखादा मंत्र करून दाखवायला सांगते. येत नसेल तर त्याचं पुस्तक तीच ३० नाण्यांना विकते. इथे अडकणारे दोन कारणांनी अडकतात: खिशात ३० नाणी नसतात, किंवा मंत्राला लागेल एवढी मॅजिका नसते. येण्याआधी दोन्ही बघा.

आत गेल्यावर हा क्रम पाळा:

१. टोल्फडिरचा पहिला वर्ग करा. त्यानंतर तो सार्थलच्या उत्खननाला बोलावतो. लगेच निघू नका.

२. आर्केनियम, म्हणजे ग्रंथालय, शोधा. ग्रंथपाल उराग ग्रो-शुब हा ऑर्क आहे, तापट आहे आणि पुस्तकांच्या बाबतीत मस्करी खपवून घेत नाही. पाटोच्या मध्यवर्ती ग्रंथालयात जसं आवाज न करता वावरतो तसंच इथे वावरा. तो हरवलेली पुस्तकं आणून द्यायची कामं देतो. ती पुस्तकं बहुधा गुहांत पहाऱ्यात असतात, म्हणून सुरुवातीला ही कामं घेऊ नका.

३. ड्रेव्हिस नेलोरेनला भेटा. तो इल्युजन, म्हणजे समोरच्याच्या मनावर चालणारी जादू, शिकवतो आणि तिचे मंत्र विकतो. तुमच्या सगळ्या डावाचा कणा हीच विद्या आहे. आधी ‘काम’ (Calm) घ्या, मग ‘मफल’ (Muffle). काम म्हणजे शांत करणारा मंत्र, नवव्या लेव्हलपर्यंतच्या प्राण्या-माणसांवर ३० सेकंद चालणारा. मफलने पावलांचा आवाज जातो.

४. विकत घेण्याआधी मंत्राला किती मॅजिका लागते ते बघा. एकामागोमाग दोनदा करता येईल एवढी मॅजिका असेल तरच त्याच्या भरवशावर बाहेर पडा. पहिला मंत्र चुकतोच.

आता प्रश्नाला लागा. ग्रंथालयात तुमच्या विषयाचं जे आहे ते वाचा, नोंदी करा. हा भाग घाईने उरकला तर पुढचा सगळा खेळ नुसता पळापळीचा होतो.

## टप्पा ६: लेव्हल आवरणं

हा टप्पा लेखात सगळ्यात मोठा आहे, कारण शांतताप्रिय पात्रांचा खरा मारेकरी इथे लपलेला असतो.

स्कायरिममध्ये कुठलंही कौशल्य वाढलं की ते तुमच्या लेव्हलमध्ये मोजलं जातं. आणि जगातले शत्रू, ठराविक मर्यादेत, तुमच्या लेव्हलप्रमाणे तगडे होत जातात. म्हणजे तुम्ही शांतपणे शंभर औषधं बनवलीत, दुकानदारांशी घासाघीस केलीत, शेकडो वस्तूंवर मंत्र चढवलेत; अल्केमी, स्पीच, एन्चांटिंग वर गेलं, लेव्हल वीसवर पोचली. बाहेर पडलात की समोर वीस लेव्हलच्या जगातले डाकू, आणि तुमचा शांतिमंत्र मात्र अजून नवव्या लेव्हलवर अडलेला. ‘मी कुणाला मारलंच नाही, मग खेळ एवढा अवघड का झाला?’ या प्रश्नाचं उत्तर एवढंच.

उपाय तीन, क्रमाने:

पहिला: इल्युजन नेहमी सगळ्यात वर. स्वतःचं कौशल्यपत्रक दर काही दिवसांनी बघा. अल्केमी किंवा स्पीच इल्युजनच्या पुढे गेली असेल तर ते काम थांबवा. मफलला लक्ष्य लागत नाही, त्यामुळे तो चालता-चालता करत राहिलं की इल्युजन झपाट्याने चढतं.

दुसरा: पर्क, म्हणजे लेव्हल वाढली की निवडायची खास क्षमता, योग्य जागी. इल्युजन २० ला ‘ॲनिमेज’ घ्या; त्याने मंत्र जास्त लेव्हलच्या जनावरांवर चालू लागतात, आणि अस्वलांचा प्रश्न पुष्कळसा सुटतो. २५ ला अप्रेंटिस पर्क, म्हणजे शांतिमंत्राला निम्मी मॅजिका लागते. ३० ला ‘हिप्नॉटिक गेझ’, ४० ला माणसांसाठी ‘किंड्रेड मेज’, ५० ला आवाज न होता मंत्र करण्याचा पर्क. वाटेत इतर कौशल्यांत पर्क उधळू नका. स्पीच ५० चा मन वळवण्याचा पर्क हा एक अपवाद मी करतो, कारण बोलून सुटणं हा आपला धर्म.

तिसरा: लेव्हल राखून ठेवा. हे फार थोड्यांना ठाऊक आहे. लेव्हल वाढल्याची सूचना आली तरी कौशल्यांच्या मेनूत जाऊन मॅजिका, हेल्थ, स्टॅमिना यांपैकी एक निवडेपर्यंत लेव्हल प्रत्यक्षात वाढत नाही. तोवर जग जुन्याच लेव्हलवर राहतं. इल्युजनचा पुढचा पर्क घेण्याइतकं कौशल्य झालं की मगच राखलेली लेव्हल घ्या. तोटा असा की शिक्षकांकडून पैसे देऊन शिकणं प्रत्येक लेव्हलला पाचदाच होतं, आणि राखून ठेवल्यावर तो कोटा नवा मिळत नाही.

दहाव्या लेव्हलच्या उंबरठ्यावर विशेष सांभाळा. स्पेशल एडिशनमध्ये डॉनगार्ड ही व्हॅम्पायरांची पुरवणी आधीच जोडलेली आहे, आणि दहाव्या लेव्हलपासून व्हॅम्पायर गावांवर हल्ले करू लागतात. त्यात दुकानदार मरू शकतात, आणि खेळातला मेलेला दुकानदार परत येत नाही. मुलाखती घ्यायच्या ती माणसं दहाव्या लेव्हलच्या आत गाठा.

लेव्हल घेताना पहिल्या काही वेळा मॅजिका, मग दोनास एक या हिशेबाने हेल्थ. शंभर हेल्थवर राहून मॅजिकाच वाढवत बसलेला अभ्यासक एका बाणात आडवा होतो.

> सावधान: कौशल्य वाढवणारी ९० पुस्तकं खेळात विखुरलेली आहेत, १८ कौशल्यांची प्रत्येकी पाच. अशा पुस्तकाचं पान उघडलं की ते कौशल्य एकने वाढतं, मग ते एकहाती तलवारीचं का असेना. टेबलावरचं पुस्तक उचलायचं तर ते उघडावंच लागतं. पेटीतलं मात्र न उघडता घेता येतं. वाढ किरकोळ आहे, पण अहिंसक पात्राचं तलवारकौशल्य वाढलेलं बघून चिडू नका.

## टप्पा ७: मोहिमा

आधी जमिनीवरच्या. उभ्या शिळा, वनस्पती, खाणावळी, पुस्तकांची दुकानं. वनस्पतीचा पहिला गुण खाऊन कळतो. प्रत्येकीला चार गुण असतात, बाकीचे मिश्रणं करून किंवा ‘एक्सपरिमेंटर’ पर्कने उलगडतात. निर्नरूट शोधायचं असेल तर आवाज बंद करून खेळू नका. ते झाड गुणगुणतं.

मार्कार्थला ड्वेमरांवर काम करणारा काल्सेल्मो भेटतो. ड्वेमरांचा प्रश्न निवडला असेल तर इथे मुक्काम ठोका. संग्रहालयात जाऊ देण्याआधी तो निम्ही नावाच्या मोठ्या कोळ्याचा बंदोबस्त करायला सांगतो; सोबत्याचा उपयोग इथे होतो.

मग जमिनीखालच्या. अभ्यासकाला ओढ असते ती जुन्या नॉर्ड थडग्यांची आणि ड्वेमर अवशेषांची. नेमकं तिथेच इल्युजन कुचकामी ठरतं. ड्रॉगर हे मृत, ड्वेमर यंत्रं निर्जीव. इल्युजन ९० चा ‘मास्टर ऑफ द माइंड’ पर्क मिळेपर्यंत दोघांवरही शांतिमंत्र चालत नाही. थडग्याच्या दारात हात उंचावून शांतिमंत्र म्हणणारे सगळे तिथेच झोपले आहेत. ड्रॉगरसाठी रेस्टोरेशन या जखमा भरणाऱ्या विद्येतला मृतांना पळवून लावणारा मंत्र शिका, मफल करा, आणि जे झोपलेले आहेत त्यांना झोपू द्या. सगळ्या खोल्या बघायलाच हव्यात असं नाही.

जायच्या जागा आधी ठरल्या असतील तर आणखी एक युक्ती. बहुतेक गुहा-थडग्यांची अवघडपणाची पातळी, त्या जागेच्या ठरलेल्या मर्यादेत, तुम्ही पहिल्यांदा आत पाऊल टाकता तेव्हाच्या लेव्हलवरून ठरते आणि तिथेच राहते. म्हणून लेव्हल कमी असताना दारातून आत जाऊन लगेच बाहेर या. खरी मोहीम नंतर, तयारीनिशी.

सार्थलला जायचं तर टोल्फडिर असतो, लढायचं काम तो पुष्कळसं करतो. पण शेवटी जिरिक गाल्डरसन उभा ठाकतो आणि त्याला संपवल्याशिवाय कथा पुढे सरकत नाही. टोल्फडिर त्या वेळी दुसऱ्या कामात गुंतलेला असतो. सोबती बरोबर नसेल तर अहिंसक अभ्यासक इथे कायमचा अडकतो. महाविद्यालयाच्या कथेचा पुढचा भागही लढाईकडेच जातो. कुलगुरू व्हायची हौस नसेल तर सार्थलच्या आधीच थांबणं शहाणपणाचं.

वस्तूंवर मंत्र चढवण्यासाठी आत्मारत्नं लागतात आणि ती भरायची म्हणजे कुणाला तरी मारायचं. महाविद्यालयातले शिक्षक भरलेली रत्नंही विकतात. ती विकत घेणं तुमच्या कुठल्या रकान्यात येतं, हे बघा.

> तपासा: मोहिमेला निघताना: वेगळा सेव्ह, दोनदा शांतिमंत्र होईल एवढी मॅजिका, चार-पाच अदृश्य होण्याची किंवा जखम भरणारी औषधं, परतीची वाट माहीत. आणि वहीत लिहिलेलं: मी तिथे नेमकं काय बघायला चाललोय?

## टप्पा ८: निबंध लिहून डाव संपवणं

या डावाला शेवटचा राक्षस नाही, म्हणून तो बहुतेकांच्या हातून नुसता विरून जातो. शेवट तुम्हीच ठरवायचा: वहीतल्या नोंदींवरून पात्राने लिहिलेला दोन-तीन पानांचा निबंध. प्रश्न, कुठे कुठे गेलो, कोण काय म्हणालं, काय जुळलं नाही, माझं मत. पात्राच्या आवाजात लिहा, त्याच्या चिडचिडीसकट. चवथीच्या सुट्टीत खेळणारी मंडळी घरी जमतात तेव्हा तो मोठ्याने वाचायचा आणि बाकीच्यांनी शंका काढायच्या, ही पद्धत आमच्याकडे चांगली चालली आहे. शंका अडचणीची निघाली की तेवढ्यासाठी पात्र पुन्हा बाहेर पडतं.

निबंध लिहिताना दोन चुका टाळा. खेळाबाहेरच्या माहितीकोशातून उत्तर काढू नका; तुमच्या पात्राने ते वाचलेलं नाही. आणि ‘उत्तर सापडलं नाही’ असा निष्कर्ष निघाला तर तो तसाच लिहा, ओढूनताणून उत्तर बनवू नका.

निबंध झाला की सेव्ह फायलींची प्रत काढून पेनड्राइव्हवर ठेवा. विंडोजवर त्या डॉक्युमेंट्समधल्या ‘माय गेम्स’ या फोल्डरात, ‘स्कायरिम स्पेशल एडिशन’च्या आत ‘सेव्हज’ नावाने असतात. हेल्गनबाहेरचा तो पहिला सेव्हही त्यांतच आहे. दुसरा प्रश्न सुचला की तिथून नवं पात्र नाही, पण त्याच पात्राचा दुसरा जन्म सुरू करता येतो.